माउंटन बाइकच्या टायरमध्ये हवा किती, रिम किती रुंद : टेकडीवर पकड मिळवण्याची पद्धत

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने उतरताना एक डावं वळण लागतं. खाली कडक मुरूम, वर हरभऱ्याएवढी खडी सांडलेली. दोन वर्षं त्या वळणावर माझं पुढचं चाक बाहेरच्या बाजूला सरकायचं. टायर झिजला असेल असं वाटून मी नवा घ्यायच्या विचारात होतो. एका संध्याकाळी बरोबर आलेल्या एका दादांनी माझा पुढचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "टायर चांगलाय रे तुझा, हवा काढ." त्यांनी खाली पडलेली एक काटकी उचलली, व्हॉल्व्हची पिन दाबून धरली आणि मनात आकडे मोजले. गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावून पाहिला तेव्हा ४५ वरून २७ पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप) आलो होतो. त्याच वळणावर पुन्हा गेलो. चाक मातीला धरून वळलं. टायर तोच, माणूस तोच, वळणही तेच.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की माउंटन बाइकवर पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकाने हवा नीट लावायला शिकलं पाहिजे. हवेचा खालचा आकडा कुठवर जाऊ शकतो हे बऱ्याच अंशी रिमची, म्हणजे टायर ज्या कड्यावर बसतो त्याची, रुंदी ठरवते, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र समजून घ्याव्या लागतात. खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरतो आणि नव्याने टेकडीवर येणाऱ्यांनाही तोच सांगतो.

कमी हवेने पकड का वाढते

समजा तुमचं वजन ७० किलो आणि सायकलचं १४. सीटवर बसून सपाटीवर चालवताना यातलं साधारण ६० टक्के, म्हणजे ५० किलो, मागच्या चाकावर येतं. टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब एवढी असते. ४० पीएसआयला ती सुमारे १८ चौरस सेंटिमीटर भरते, २५ पीएसआयला २८. टायरचं कापडही थोडं वजन पेलतं, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे काटेकोर असेच येणार नाहीत. पण फरक केवढा आहे ते कळतं. जास्त नॉब, म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे, जमिनीला लागतात, आणि पकड नॉबच देतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या वाटा गुळगुळीत नसतात. सुपारीएवढ्या दगडावरून टणक टायर गेला की तो उडतो, आणि उडालेल्या क्षणी चाक हवेत असतं. तेवढा वेळ ना ब्रेक लागतो ना वळता येतं. मऊ टायर त्या दगडाभोवती बसतो, दगड आत घेतो आणि पुढे जातो. म्हणूनच खडबडीत जमिनीवर कमी हवेचा टायर बऱ्याचदा वेगवानही ठरतो, कारण शरीर आणि सायकल वरखाली उडवण्यात ताकद वाया जात नाही. डांबरावर हे उलटं होतं, त्याबद्दल पुढे.

पायरी पहिली : आपल्याकडे काय आहे ते वाचा

टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बगलेवर, २९ × २.२५ किंवा २७.५ × २.१ असं लिहिलेलं असतं (चाकाचा आकार आणि टायरची रुंदी, दोन्ही इंचांत), आणि जवळच ५७-६२२ अशी एक जोडी असते. यातला ५७ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ६२२ म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. ६२२ म्हणजे २९ इंची चाक, ५८४ म्हणजे २७.५ आणि ५५९ म्हणजे जुनं २६. इंचाच्या आकड्यांवर टायर घेताना फसगत होऊ शकते, या जोडीवर घेतला तर होत नाही.

रिमवरही ६२२ × २५ किंवा ५८४ × २१ असा शिक्का किंवा स्टिकर असतो. त्यातला छोटा आकडा आतली रुंदी सांगतो. आपल्याला तोच हवा. बाहेरून मोजलेली रुंदी इथे उपयोगाची नाही. स्टिकर गेला असेल तर टायर काढा आणि रिमच्या दोन्ही भिंतींमधलं, टायरची कड जिथे अडकते तिथलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. शाळेच्या पट्टीनेही चालेल, दोन-तीन जागी मोजून पाहा.

पायरी दुसरी : रिम आणि टायर यांची जोडी जमते का

१९९० च्या दशकातल्या माउंटन बाइकना साधारण १७ ते १९ मिमी आतली रुंदी असलेल्या रिम असायच्या. त्यावर १.९ किंवा २.१ चे टायर चालायचे आणि हवा ४० च्या आसपास भरावी लागायची. पुढे टायर रुंद झाले, तशा रिमही रुंद झाल्या. आज ट्रेल सायकलवर ३० मिमी ही नेहमीची रुंदी आहे. पण स्वस्त सायकलींवर आणि जुन्या चाकांवर अजून अरुंद रिम सापडतात, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

भरली वांगी करायला आणतो ते वांगं डोळ्यांपुढे आणा. देठाकडे चिमटलेलं, खाली फुगलेलं. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचा आडवा छेद तसाच दिसतो. सरळ जाताना काही जाणवत नाही. वळणावर सायकल कलली की फुगीर भाग एका बाजूला लोळतो, रिम दुसऱ्या बाजूला जाते आणि हँडलमध्ये एक विचित्र ढिलेपणा जाणवतो, मागचं चाक सैल झाल्यासारखा. तो घालवायला माणूस हवा वाढवतो, आणि हवा वाढवली की पकड जाते. टायर रुंद असूनही फायदा मिळत नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. एका दुकानातून तिला १९ मिमीच्या रिमवर २.६ चा टायर बसवून दिला होता, 'रुंद म्हणजे ग्रिप जास्त' असं सांगून. ३२ पीएसआयच्या खाली गेलं की तो वळणावर दुमडायचा. शेवटी त्याच रिमवर २.१ चा टायर लावला, आणि २५ ला तिची सायकल पूर्वीपेक्षा कितीतरी शांत चालायला लागली.

रिम रुंद झाली की टायरच्या भिंती अधिक उभ्या राहतात, त्यांना कडेने आधार मिळतो. तोच आधार कमी हवेतही टिकतो, म्हणून त्याच टायरला रुंद रिमवर एक-दोन पीएसआय कमी चालतात. टायरही थोडा रुंदावतो : रिम ५ मिमीने वाढली तर टायर साधारण २ मिमीने. त्यामुळे मागे चेनस्टेजवळ (चाकाच्या बाजूच्या फ्रेमच्या नळीजवळ) आणि पुढे फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) जागा उरते का ते बघा. दोन्हीकडे किमान ६ मिमी सुटली पाहिजे, पावसाळ्यात त्याहून जास्त.

मी जोड्या अशा लावतो :

२.० ते २.२ चा टायर : आतली रुंदी २१ ते २५ मिमी
२.२५ ते २.४ : २५ ते ३० मिमी
२.४ ते २.६ : ३० ते ३५ मिमी
२.८ ते ३.० : ३५ ते ४० मिमी

रुंदी जास्त झाली तरी त्रास होतोच. अरुंद टायर फार रुंद रिमवर ताणला की त्याची पाठ सपाट होते आणि कडेचे नॉब सरळ चालतानाच जमिनीला लागतात. मग सायकल कलवली की कडेला चावायला काही उरत नाही. एका ठरावीक कोनापर्यंत पकड असते आणि एकदम सुटते. शिवाय टायरची बगल रिमच्या आडोशाला राहत नाही, दगड थेट तिला कापतात. टायरच्या कंपन्या टायरचा आकार एका ठरावीक रुंदीची रिम धरून बनवतात. मॅक्सिसच्या टायरवर डब्ल्यूटी ही अक्षरं असतील तर तो टायर ३० ते ३५ मिमीच्या रिमसाठी घडवलेला आहे. अशा टायरला २१ मिमीच्या रिमवर बसवून त्याचं मोल मिळत नाही.

रिम बदलणं म्हणजे चाक नव्याने बांधणं; खर्च मोठा आहे. तुमची रिम अरुंद असेल तर तिला शोभेल असा टायर घ्या, एवढंच पुरे. २१ मिमीची रिम आणि चांगला २.१ चा टायर यावर पुण्याच्या टेकड्या व्यवस्थित होतात.

पायरी तिसरी : गेज

अंगठ्याचा अंदाज २२ आणि २८ मधला फरक सांगत नाही, आणि आपला सगळा खेळ या सहा अंकांतच आहे. फ्लोअर पंपावरची तबकडी १६० पर्यंत असते, तिचा काटा खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. कमी दाबाचा वेगळा डिजिटल गेज घ्या. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर साधा गेज थेट बसतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याला चालणारा घ्या किंवा अडॅप्टर लावा. गेज दोन पीएसआय चुकीचा दाखवत असला तरी चालेल, फक्त दर वेळी तोच वापरा. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरवर हवा भरायची वेळ आली तर भरून घ्या आणि बाहेर आल्यावर आपल्या गेजने आकडा खाली आणा.

पायरी चौथी : सुरुवातीचा आकडा

सायकलस्वारांत एक जुना ठोकताळा आहे. आपलं वजन किलोमध्ये घ्या, ३.२ ने भागा. आलेल्या आकड्यातून एक वजा केला की पुढचा दाब, दोन मिळवले की मागचा. हा हिशोब ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, आणि साधारण २.२५ ते २.३ च्या टायरसाठी आहे. ७० किलोच्या माणसाला उत्तर २२ येतं : पुढे २१, मागे २४. ६० किलोला पुढे १८, मागे २१. ८५ किलोला पुढे २५ ते २६, मागे २८ ते २९.

ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-पाच मिळवा. टायर २.१ चा असेल तर आणखी एक-दोन. २.५ किंवा २.६ चा असेल आणि रिम ३० मिमीची असेल तर दोन-तीन कमी करा. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला मागे एक-दोन जास्त लागतात, कारण दगडाचा मार थेट रिमवर येतो. टायर आणि रिम यांवर छापलेल्या कमाल मर्यादांपैकी जी कमी असेल ती कधीच ओलांडू नका.

पुढे कमी आणि मागे जास्त, असं का? मागे वजन जास्त असतं हे एक. पण मुख्य म्हणजे मागचं चाक घसरलं तर सायकल सावरता येते, पुढचं घसरलं की माणूस खाली असतो. पकड पुढे आधी हवी.

पायरी पाचवी : एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा

हिशोबाने आलेला आकडा हा फक्त पत्ता आहे, घर आपल्याला शोधावं लागतं. त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा.

तीन-चार मिनिटांचा एक फेरा निवडा. त्यात खडी असलेलं एक वळण, दगडांचा एक पट्टा आणि बसून चढता येईल असा एक सैल चढ असला पाहिजे. टेकडीवर सकाळी आणि सहानंतर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं असतात. चाचणीला दुपारची चारची वेळ बरी. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चार पीएसआय जास्त भरून निघा आणि दोन फेरे करा, म्हणजे हात आणि डोळा वाटेला सरावतील. मग फक्त पुढच्या चाकातून दोन पीएसआय काढा. मागच्याला हात लावू नका. दोन्ही चाकं एकदम बदलली की कशाने काय झालं ते कळत नाही. पुन्हा फेरा. पुन्हा दोन काढा.

काय बघायचं? हवा जास्त असेल तर दगडांच्या पट्ट्यात हँडल हातात थरथरतं, ब्रेक दाबला की चाक टपटप उडत थांबतं आणि वळणावर पुढचं चाक रेघ सोडून बाहेर जातं. हवा उतरवत गेलं की एका टप्प्यावर हे सगळं एकदम शांत होतं. तो बदल मनात धरून ठेवा. आणखी उतरवलं की हँडल जड वाटतं, वळणावर टायर आधी झुकतो आणि सायकल मागून येते, आणि दगडावर रिम टेकल्याचा 'टण्' आवाज येतो. आवाज आला की थांबा. दोन पीएसआय परत भरा. हा तुमचा पुढचा आकडा.

एक खूण मला फार उपयोगी पडते. कडक जमिनीवर फुफाट्याचा पातळ थर असेल तिथून सरळ जा, उतरा आणि मागे वळून ठसा बघा. ४० पीएसआयला मधल्या नॉबच्या दोन ओळीच उमटलेल्या दिसतात, कडा कोऱ्या. योग्य हवेला मधल्या ओळींच्या शेजारचे नॉबही उमटतात, कडेला धूळ किंचित दाबलेली दिसते. अगदी कडेचे नॉब सरळ चालतानाही स्वच्छ उमटत असतील तर हवा खूप उतरली आहे, नाहीतर टायरच्या मानाने रिम फार रुंद आहे.

पुढचं ठरलं की मागचं घ्या. मागच्या चाकाची परीक्षा चढावर होते. सैल खडीच्या चढावर बसून एकसारखं पेडल मारा. चाक जागेवर फिरतं, खडी मागे उडते तोवर हवा जास्त आहे. पण मागे फार खाली जाऊ नका, कारण उतारावर माणूस उभा असतो आणि दगडाचा मोठा मार मागच्या रिमलाच बसतो. ट्यूब असलेल्यांना इथे सापाच्या दातांसारखी दोन समांतर भोकं पडतात : दगड आणि रिमच्या दोन कडा यांमध्ये ट्यूब चिमटली जाते. असं पंक्चर आठवड्यात दोनदा झालं तर मागची हवा तीनने वाढवा. ट्यूबलेसवर खूण वेगळी : जोरदार वळणावर 'फुस्स' होऊन कडेतून हवा सुटली तर तुम्ही मर्यादेच्या खाली आहात.

मिळालेले दोन आकडे, टायरचं नाव आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा.

जमीन आणि हवामान बदललं की

हिवाळ्याच्या शेवटापासून मेपर्यंत वाटेवर कडक मुरूम, वर खडी आणि गिरिपुष्पाचा वाळका पाला. याला मूळ आकडा चालतो. घसाऱ्याचा लांब उतार असेल तर पुढे एक कमी.

सह्याद्रीतल्या काळ्या दगडाला धारदार कडा असतात. गडाखालच्या वाटांवर जाताना मी मागे दोन वाढवतो आणि जाड साइडवॉलचा टायर वापरतो. कोकणात जांभ्याच्या सड्यावर तर साइडवॉलची काळजी जास्तच. जांभा खरखरीत असल्याने कोरडा असताना पकड अप्रतिम देतो, पण त्याची भोकं आणि कडा टायर सोलतात. जुलैत त्यावर शेवाळ धरलं की कुठलाच आकडा तारत नाही, उतरून चाला.

पावसात ओल्या दगडावर आणि मुळांवर दोन्हीकडे एक ते दोन कमी. काळ्या मातीत मात्र हवेचा उपयोग नाही. ती नॉबमध्ये भरते, टायर गुळगुळीत होतो आणि शेवटी फोर्कमध्ये अडकून चाकच थांबतं. तिथे नॉब दूर दूर असलेला अरुंद टायर थोडा चालतो. खरं तर अशा वाटेला दोन दिवस ऊन मिळू द्यावं. आपल्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पुढे वर्षभर वाळून राहतात.

तापमानाचा हिशोब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंशाला २२ पीएसआय भरले आणि दुपारी टायर ३० अंशाला पोचला तर दाब २४ च्या पुढे जातो. दोन पीएसआय म्हणजे आपण संध्याकाळभर शोधलेला फरक. उंचीमुळेही गेजवरचा आकडा वाढतो, कारण बाहेरची हवा विरळ होते. सिंहगडाच्या माथ्यावर तो पुण्यापेक्षा एकाच्या आसपास वाढलेला असतो, पुण्यात भरून लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर नेलं तर चारच्या आसपास. थंडीने त्यातला काही भाग परत जातो. मनालीहून लेहला सायकलने जाणाऱ्यांनी गेज वरच्या कप्प्यात ठेवावा.

घरून टेकडीपर्यंत डांबर असेल तर ३५ भरून निघतो, पायथ्याशी उतरवतो, परतताना छोट्या पंपाने पुन्हा भरतो. पंपाचे किती ठोके म्हणजे एक पीएसआय हे एकदा मोजून ठेवलं की घाई होत नाही.

ट्यूबलेस करावं का

आपल्याकडे करावंच. आपल्या माळावर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत, आणि ट्यूबला दोन्ही पुरतात. सराट्याचं छोटं भोक सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतलेलं भोक बुजवणारं द्रव, चालता चालता बुजवतं. ट्यूब चिमटायचा प्रश्न संपतो, म्हणून हवा चार-पाचने खाली आणता येते. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे असले पाहिजेत. साध्या रिमवर नुसती टेप मारून जुगाड केलेला टायर वळणावर रिम सोडू शकतो, तो धोका पत्करू नका. २९ इंची २.२५ ते २.४ च्या टायरला दर चाकी ९० ते १२० मिली सीलंट लागतं.

हे सीलंट आपल्या उन्हात लवकर वाळतं. एप्रिल-मेमध्ये सायकल गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत राहिली तर दोन महिन्यांत आत रबराचा गोळा होतो. चाक काढून कानाशी हलवा, पाणी हिंदकळल्याचा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर व्हॉल्व्हची पिन काढून ६० मिली भरा, चाक दोन्ही कुशींवर पाच-पाच मिनिटं आडवं ठेवा, आणि मग आपल्या आकड्यावर हवा लावा.